मिसना गुडघे टेकायचे होते

खोली बघायला गेले तेव्हा मिसनी मला नाव विचारलं नाही, जात विचारली नाही आणि नोकरीचंही काही विचारलं नाही. दार उघडून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "दोनच जिने आहेत. एवढा दम का लागला?"

"उन्हातून आले ना," मी म्हटलं.

"जिन्यात कुठे ऊन होतं?"

मग त्यांनी सरळ माझं मनगट धरलं, डोळे मिटले आणि नाडी बघत उभ्या राहिल्या. मला त्यांच्याकडे नीट बघायला वेळ मिळाला. सत्तरीची बाई. कडक इस्त्रीची सुती साडी, गळ्यात काळ्या दोरीला शिट्टी, आणि घरातसुद्धा पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. डोळे उघडून म्हणाल्या, "खोली देते. पण ही अशी नाडी घेऊन इथे वर्षभर राहता येणार नाही. कुठून आलीस?"

"मानपूरहून."

त्या दिवसापासून मी मानपूर झाले. माझं नाव त्यांना माहीत होतं, पण वापरलं कधीच नाही. माझ्या आधी त्या खोलीत खरगोन राहून गेली होती आणि तिच्या आधी बडनगर. बडनगरचं लग्न होऊन ती भोपाळला गेली, तरी फोनवर मिस ओरडायच्या, "बोल बडनगर, सासूबरोबर चालायला जातेस की नाही?"

घर इंदूरच्या स्नेहलतागंजमध्ये, स्टेशनच्या इतकं जवळ की पोहे परतताना गाड्यांच्या घोषणा ऐकू यायच्या. खाली नळ-पाइपांचं दुकान, पहिल्या मजल्यावर काकू (बँकेतल्या क्लार्कच्या विधवा), दुसऱ्यावर मिस आणि मी, वर गच्ची. मी विजय नगरच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करत होते. म्हणजे दिवसभर खुर्चीत बसायचं, सिटी बसमध्ये जागा मिळाली तर तिथेही बसायचं, आणि घरी येऊन पलंगावर बसायचं. एकतिसाव्या वर्षी माझी पाठ माझ्या आजीपेक्षा जास्त कुरकुरायची.

मिस मराठी ख्रिस्ती. वडील रेल्वेच्या नोकरीसाठी नगरकडून इंदूरला आले आणि इथलेच झाले. मिसनी मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवत सारी नोकरी काढली. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर शाळा सुटली, शिट्टी सुटली नाही. भाजीबाजारात रिक्षा अंगावर आली की त्या शिट्टी वाजवायच्या आणि रिक्षा खरंच थांबायची. "सॉरी मिस," म्हणणारा रिक्षावालाही मी पाहिला आहे. त्याची बायको त्यांची विद्यार्थिनी होती.

त्यांच्या चर्चमधली उपासना हिंदीत चालायची. घरातली प्रार्थना मात्र मिस मराठीतच करायच्या. "हाडा-मांसाबद्दल देवाशी मला हिंदीत बोलता येत नाही," असं त्यांचं म्हणणं. आमच्या दोन खोल्यांमधली भिंत पातळ होती, त्यामुळे सकाळी मला सगळं ऐकू यायचं. त्या रोज एकेका अवयवाबद्दल आभार मानायच्या. "प्रभू, आज आतड्यांबद्दल तुझे आभार. बिचारी कधी दिसत नाहीत, पण कामात खंड नाही." कधी डोळे, कधी टाचा. शेवटी माझा नंबर लागायचा. "आणि त्या मानपूरच्या पाठीकडे बघ. तिचं स्वतःचं लक्ष नाही."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना. हळूहळू अशी सवय झाली, की एखाद्या सकाळी माझ्या पाठीचा उल्लेख राहिला तर चुकल्यासारखं व्हायचं.

बैठकीत एकही खुर्ची नव्हती. जो येईल त्याने सतरंजीवर बसायचं आणि उठताना हात टेकायचे नाहीत. वीजमीटर बघायला आलेला माणूससुद्धा चहासाठी बसला की या परीक्षेतून सुटायचा नाही. एकदा मी विचारलं, "मिस, एवढा व्यायाम करून तुम्हाला शंभर वर्षं जगायचंय का?"

"मुळीच नाही. बोलावणं आलं की मी निघाले." त्यांनी छातीवर थाप मारली. "हे घर माझ्या नावावर आहे, पण हे शरीर माझं नाही. याचा मालक वर आहे आणि त्याने क्रुसावर याची मोठी किंमत मोजली आहे. मी भाडेकरू, तुझ्यासारखीच. जागा परत देताना भिंती काळ्या करून द्यायच्या का?"

"आणि बाकीचे लोक जिममध्ये जातात ते?"

"ते आरशासाठी. ताकद असते ती दुसऱ्याला उचलायला. तुझे दंड किती गोल आहेत हे बघून कुणाचं पोट भरतं?"

वेळेच्या बाबतीतही त्यांची स्वतःची मांडणी होती. सकाळ देवाची, दुपार पोटाची, संध्याकाळ शेजाऱ्यांची. "वेळ गेला" असं कुणी म्हटलं की त्या चिडायच्या. "त्याला पाय नाहीत. कुठे घातलास ते सांग." एका संध्याकाळी मी पलंगावर लोळून मोबाइलवर व्हिडिओ बघत होते. त्या दारात येऊन म्हणाल्या, "आत्ता जे बघितलंस त्याच्या आधी काय बघितलंस?" मला आठवेना. "त्याच्या आधी?" तेही आठवेना. "वा! संध्याकाळ दिली आणि बदल्यात आठवणसुद्धा घेतली नाहीस," असं म्हणून मला हाताला धरून गच्चीवर नेलं.

पण त्या घाईच्याही तितक्याच विरुद्ध होत्या. धावतपळत जेवणारा माणूस आणि दिवसभर लोळणारा माणूस, दोघांनाही त्या एकाच माळेत ओवायच्या. रविवारी चर्चहून आल्यावर बूट काढायच्या, एक जिलबी डोळे मिटून सावकाश खायच्या आणि संध्याकाळपर्यंत पलंगावर पडून राहायच्या. "विश्रांती ही पण आज्ञाच आहे," त्या म्हणायच्या. "आणि जिलबी?" "जिलबी त्याची कृपा आहे. पण एकच."

गच्चीवर संध्याकाळी गल्लीतल्या बायका जमायच्या. काकू, समोरच्या सिंधी आंटी, आणखी सात-आठ जणी. बहुतेक साठीच्या पुढच्या. चर्चला जाणाऱ्या त्यांत फक्त मिस. व्यायामांना त्यांनी स्वतः नावं ठेवली होती. खाली वाकून उठायचं त्याचं नाव 'नातू उचलणे'. टाचा वर करून हात ताणायचे ते 'माळ्यावरचा डबा'. एका पायावर तोल सांभाळायचा ते 'सिटी बस'. आणि सुरुवातीला प्रत्येकीला एक प्रश्न: "काल तुमच्या ताकदीचा कुणाला उपयोग झाला?"

सिंधी आंटींचं उत्तर ठरलेलं. "बहू को डाँटा, मिस. पूरी ताक़त लग गई."

काकूंनी एकदा हात ताणता ताणता विचारलं, "मिस, तुमच्या येशूला माझ्या गुडघ्यांशी काय देणंघेणं हो?"

"असं कसं? त्याने लंगड्यांना चालवलं. पाठीत वाकलेल्या बाईला सरळ उभं केलं. भुकेल्या लोकांना जेवल्याशिवाय घरी जाऊ दिलं नाही. माणसाच्या पाठीची आणि पोटाची ज्याला काळजी नाही, त्या देवाला मी कशाला शोधत बसू? हात सरळ, काकू!"

आणि पुन्हा शिट्टी.

अशा मिस दिवाळीनंतर एका सकाळी न्हाणीघरात पडल्या.

बादलीला पाय अडखळला, एवढंच. आवाज ऐकून मी धावले तर त्या फरशीवर आडव्या, चेहरा पांढराफटक, आणि मला म्हणतात, "उचलू नकोस. हाड मोडलंय. फळी आण." काकूंना हाक मारली, खालच्या दुकानातली माणसं आली, फळीवर घालून त्यांना हॉस्पिटलात नेलं. मांडीचं हाड खुब्याजवळ मोडलं होतं. आत रॉड घालावा लागला.

ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, "इस उम्र में ऐसी हड्डी कम देखने को मिलती है. जुड़ जाएगी. मगर मिस, अब वॉकर से दोस्ती कर लीजिए. घर में चल-फिर लें, उतना बहुत है."

घरी आणल्यावर काकूंनी आपल्याकडची खुर्ची वर पाठवली. मिसच्या बैठकीत आलेली ती पहिली खुर्ची. दिवसा एक बाई ठेवली, सकाळ-संध्याकाळ मी होतेच, दुपारचं जेवण काकू आणायच्या. सगळं सुरळीत चालू होतं. चालत नव्हत्या त्या मिस.

खिडकीखाली पोह्यांचा ठेला होता. एका सकाळी तिथला कुणीतरी मोठ्याने म्हणाला, "पूरे मोहल्ले को कसरत कराती थी भिया, खुद बाल्टी से हार गई." सगळे हसले. मी खिडकी लावायला धावले, पण मिसनी ऐकलं होतं. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

त्यानंतर भिंतीपलीकडची प्रार्थना बंद झाली. मी सकाळी जागी होऊन कान देऊन पडायचे. नुसती शांतता. गच्चीवर बायका थोडे दिवस जमल्या, मग त्यांचंही येणं थांबलं. फिजिओथेरपीवाला मुलगा यायचा, मिस त्याच्यासमोर पाय हलवायच्या आणि तो गेला की पुन्हा आडव्या व्हायच्या. वॉकर कोपऱ्यात उभा. त्यावर टॉवेल वाळायचा.

अडीनडीला हाक मारता यावी म्हणून मी त्यांना माझा जुना मोबाइल देऊन ठेवला होता. एका संध्याकाळी ऑफिसातून आले तर मिस उशीला टेकून तो बघत होत्या. अंगठा सारखा वर सरकत होता. कुणी लाटलेल्या पोळ्या, कुणाचं लग्न, नाचणारी मांजर. मी कितीतरी वेळ दारात उभी होते, त्यांना कळलंसुद्धा नाही.

"मिस, काय बघताय?"

त्यांनी मान वर केली. "माहीत नाही," त्या म्हणाल्या.

 मी खाली काकूंकडे गेले आणि रडले. काकू म्हणाल्या, "त्यांच्या चर्चच्या पाळकांना बोलवू या ना. आपण काय सांगणार त्यांना? आपल्याला सगळं त्यांनीच सांगितलंय."

नाताळ होऊन गेला होता. मिसचा चर्चशिवायचा तो पहिला नाताळ. पाळकसाहेब तसेही येणारच होते. आजारी माणसांना घरी जाऊन प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण, द्यायची त्यांच्यात रीत आहे. एका दुपारी ते छोट्या पेटीत भाकर आणि द्राक्षरस घेऊन आले. पन्नाशीचे, चांगले जाडजूड गृहस्थ, दोन जिने चढून आले ते धापा टाकतच. काकूंच्या खुर्चीत बसले. मी चहा टाकायला आत वळले, पण आतून सगळं ऐकू येत होतं.

"सलाम, मिस. कैसी हैं?"

"बरी आहे." मिस त्यांच्याशीही मराठीत बोलायच्या, ते हिंदीत उत्तर द्यायचे. दोघांना त्यात कधी अडचण आली नाही. "पाळकसाहेब, ती पेटी आजाऱ्यांची ना? मी आजारी नाही. मी मोडले आहे. दोन्हींत फरक आहे."

"फ़र्क़ है. तो बताइए, क्या टूटा?"

 एकदम मिसचा आवाज भरून आला. "मी लोकांना सांगत आले की शरीर सांभाळा, ते देवाचं आहे. आता लोक हसतात. त्याचं मला एवढं नाही. पण मनातल्या मनात मी काय करत होते सांगू? प्रभुभोजनाला सगळे पुढे येऊन गुडघे टेकतात आणि काही जण बाकावरच बसून राहतात, त्यांना मी आळशी म्हणत होते. दर वेळी. प्रार्थना चालू असताना. मला वाटायचं, माझी ही ताकद मी कमावली. आता एका बादलीने दाखवून दिलं कुणाची होती ती. कुठल्या तोंडाने प्रार्थना करू?"

चहा उकळून उतू गेला, तरी मी हलले नाही.

पाळकसाहेब सावकाश बोलले. "मिस, आप ही कहती हैं कि ताक़त दूसरों के लिए होती है. पूरी ज़िंदगी आपने दी. किसी से ली कभी?"

"घ्यायची वेळच आली नाही."

"अब आई है. नीचे जो काकी बैठी हैं, उनके हाथों में भी तो वही ताक़त है जो आपने सिखाई. उन्हें देने दीजिए. सिर्फ़ देते रहना, यह भी तो घमंड है."

मिस रडल्या. मी स्वयंपाकघराच्या दारातून डोकावले; त्यांना रडताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पाळकसाहेबांनी पेटी उघडली, त्यांच्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवला आणि त्यांनी तो पलंगावर पडल्या पडल्याच घेतला. नंतर डोळे पुसून म्हणाल्या, "आज घेतलं. पण ईस्टरला मी येणार. पुढे येऊन गुडघे टेकून घेणार."

"मिस, बैठकर भी ईश्वर उतना ही देता है."

"ते मला आता कळलं. तो कमी देणार नाही. पण मला त्याच्यासमोर गुडघे टेकता येत असतील तर मी ते का राखून ठेवू? हाड त्याने जोडायला घेतलंय, मग माझ्या वाटचं मी करायला नको?"

पाळकसाहेब हसले आणि निघायला उठले. मिसनी पलंगावरून हात लांब करून त्यांचं मनगट धरलं आणि डोळे मिटले. "दोन जिन्यांना एवढा दम?" त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी गाडी आणायची नाही. पायी यायचं."

मी स्वयंपाकघरात तोंडावर ओढणी दाबून हसले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिसनी मला काकूंकडे पाठवलं. "सांग, मिसना मदत पाहिजे." एवढं एकच वाक्य. हे बोलून त्यांनी लगेच पाणी मागितलं.

काकू एकट्या आल्या नाहीत. अर्ध्या तासात सगळी गच्ची मिसच्या खोलीत उतरली. सिंधी आंटींनी खुंटीवरची शिट्टी काढून स्वतःच्या गळ्यात घातली आणि अशी काही फुंकली, की खालच्या दुकानातून कुणीतरी विचारायला वर आलं.

"मिस! आलस नहीं! टाँग उठाओ!"

"आंटी, हळू. शेजारीपाजारी..." मिस पुटपुटल्या.

"शेजारी सगळे इथेच आहेत," काकू म्हणाल्या. "पाय सरळ, मिस!"

फिजिओथेरपीवाल्या मुलाने या फौजेला काय करायचं आणि काय मुळीच करायचं नाही ते नीट समजावून दिलं. त्या दिवसापासून गल्लीची संध्याकाळ त्या खोलीत लागली. कुणी उशी धरायची, कुणी पाठ, कुणी मोजायची. पहिले काही दिवस मिस सारख्या "पुरे, तुमचा वेळ जातोय," म्हणत. आंटी म्हणायच्या, "जा नहीं रहा मिस, यहाँ डाल रहे हैं. अपने को पता है कहाँ डाल रहे हैं." मग मिस पाय उचलायच्या. वॉकरवरचा टॉवेल गेला. वॉकर आधी दारापर्यंत गेला, मग जिन्याच्या तोंडापर्यंत.

आणि एका सकाळी मला भिंतीपलीकडून आवाज आला. "प्रभू, आज त्या रॉडबद्दल तुझे आभार. तो माझ्या शरीरात जन्मलेला नाही, तरी चुपचाप भार उचलतोय." थोडं थांबून, "आणि या बायकांबद्दल. यांना मी शिकवलं असं मला वाटत होतं." मी उशीत तोंड खुपसून पडून राहिले. मग माझ्या पाठीचाही नंबर लागला.

सगळं सोपं झालं असं मात्र नाही. फेब्रुवारीत त्या पहिल्यांदा गादीवर गुडघ्यांवर उभ्या राहिल्या तेव्हा दुखण्याने त्यांचे ओठ निळे पडले. टेकणं एक वेळ जमलं, उठणं जमेना. मोडलेला पाय पुढे घेऊन त्यावर भार टाकायचा आणि वर यायचं, इथे तो पाय थरथरायचा आणि मिस बाजूला कलंडायच्या. काकू आणि मी दोन्हीकडून धरायचो. एकदा त्या कलंडल्या आणि तशाच गादीवर पडून म्हणाल्या, "नाही होणार, काकू."

काकू त्यांच्या शेजारी गादीवर आडव्या झाल्या. त्याही पासष्टीच्या पुढच्या. "बरं," म्हणाल्या. "मग आपण दोघी इथेच पडू. मला उठायची घाई नाही."

मिसनी त्यांच्याकडे बघितलं. दोघी छताकडे बघत पडून राहिल्या. मग मिस म्हणाल्या, "तुम्ही 'नातू उचलणे' मध्ये श्वास रोखता, काकू. कितीदा सांगितलं, रोखायचा नाही."

"मग तुम्ही का रोखता?"

मिस उठून बसल्या. पुढच्या वेळी त्यांनी वर येताना श्वास सोडला, आणि पाय थरथरला पण वाकला नाही.

मार्चमध्ये पायाचा एक्स-रे काढला. हाड जुळलं होतं. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरून दोनदा बघितली. मिसनी आपलं गुडघ्यांचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "टेकिए. मगर पास में कोई रहे."

"आमची गच्ची असेल," मिस म्हणाल्या. डॉक्टरांना ते काही कळलं नाही.

ईस्टरची उपासना उजाडताना असते. अंधार सरत होता तेव्हा आम्ही रिक्षातून चर्चला पोचलो. मिसच्या अंगावर पांढरी साडी, हातात काठी. वॉकर त्यांनी घरी ठेवला होता. मागच्या दोन बाकांवर आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायका येऊन बसल्या होत्या, केसांत मोगरा माळून, एखाद्या लग्नाला आल्यासारख्या. सिंधी आंटींनी पतीलाही आणलं होतं. कधी उठायचं, कधी बसायचं हे त्यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्या पुढच्यांकडे बघून अर्धा क्षण उशिरा उठत होत्या आणि अर्धा क्षण उशिरा बसत होत्या. पाळकसाहेब येशूची कबर रिकामी सापडल्याची गोष्ट वाचत होते. खिडक्यांच्या काचा काळ्याच्या निळ्या झाल्या, मग पिवळ्या.

प्रभुभोजनासाठी लोक रांगेने पुढे जाऊ लागले. वेदीसमोर लाकडी कठडा, त्यापुढे लाल चटई. मिस रांगेच्या शेवटी. मी त्यांच्या एक पाऊल मागे.

कठड्याशी आल्यावर त्यांनी काठी माझ्याकडे दिली. एक हात कठड्यावर ठेवला. चांगला गुडघा आधी, मग दुसरा. चटईवर दोन्ही टेकले तेव्हा त्यांच्या घशातून एक बारीक आवाज आला, मला तरी ऐकू आला. पाळकसाहेब समोर येऊन उभे राहिले आणि त्यांनी मिसच्या ओंजळीत भाकर ठेवली. मिसनी डोळे मिटले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि चेहरा मात्र पोरीसारखा, शाळेतली शर्यत जिंकलेल्या पोरीसारखा झाला होता.

आता उठायचं.

त्यांनी मोडलेला पाय पुढे घेतला. पाऊल चटईवर रोवलं. सगळं चर्च बघत होतं. पाळकसाहेबांनी हात पुढे केला, मिसनी मानेनेच थांबवलं. पाय थरथरला. मी श्वास रोखला. मिसनी सोडला, लांब, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असा, आणि त्या वर आल्या. सरळ उभ्या राहिल्या. कठड्यावरचा हातही त्यांनी काढला.

चर्चमध्ये टाळ्या वाजवत नाहीत. सिंधी आंटींना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्या मागच्या बाकावर उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवू लागल्या, "वाह मिस! वाह!" मग काकू, मग आमच्या सगळ्याजणी, आणि मग पुढचे बाकसुद्धा. पाळकसाहेब हातात थाळी घेऊन तसेच उभे राहिले. थांबवायचं सोडून ते स्वतः हसत होते आणि त्यांचे डोळे भरले होते. शेवटी म्हणाले, "आज के दिन इतना शोर चलता है."

पोह्याच्या ठेल्यावरचा तो माणूस कोण होता ते मला कधी कळलं नाही. पण त्या सकाळी परत आलो तेव्हा मिस स्वतः ठेल्यापाशी उभ्या राहिल्या, सगळ्या बायकांना पोहे-जिलबी खाऊ घातली आणि स्वतः एकीऐवजी दोन जिलब्या खाल्ल्या. "आज कृपा जास्त आहे," म्हणाल्या.

त्यानंतरच्या महिन्यात पुन्हा प्रभुभोजनाचा रविवार आला. आता मीही कधीकधी त्यांच्याबरोबर जाऊन मागे बसायचे. रांग लागली, मिस उठल्या आणि काठी टेकत पुढे निघाल्या. मधल्या एका बाकाच्या टोकाला एक अनोळखी बाई बसली होती. चाळिशीची असेल. पायाला प्लॅस्टर, शेजारी कुबड्या. ती पुढे जाणाऱ्या लोकांकडे बघत नव्हती. मान खाली घालून स्वतःच्या पदराचं टोक पिळत होती.

मिस तिच्यापाशी थांबल्या. रांग त्यांना ओलांडून पुढे गेली. त्यांनी काठी बाकाला टेकवली आणि त्या तिच्या शेजारी बसल्या. पाळकसाहेब सगळ्यांना देऊन झाल्यावर खाली उतरून त्यांच्यापाशी आले आणि बाकावरच्या त्या दोघींना त्यांनी शेजारी शेजारी भाकर दिली.

बाहेर आल्यावर मी घाबरून विचारलं, "मिस, दुखत होतं का? टेकता आलं नाही?"

"दुखायला काय झालंय? मस्त टेकता येतं," त्या म्हणाल्या. "ती पहिल्यांदाच आली होती. एकटी बसली होती."

आणि लगेच वळून, कुबड्या सावरत पायऱ्या उतरणाऱ्या त्या बाईला त्यांनी हाक मारली, "सावकाश, घाई नाही! कुठून आलीस गं?"

"जी, महूहून," ती बाई म्हणाली.

"मग चल महू," मिस म्हणाल्या, आणि आपला खांदा तिच्यापुढे केला.